सगळं एकदम बंद पडणार नाही, अर्धं अर्धं होत जाईल: ठाण्यातल्या फ्लॅटमधली तयारी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर इथेच लक्षात येईल. घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर टू बीएचके, कर्ज चालू. घरात तुम्ही, मिसेस, सहा वर्षांची मुलगी आणि इन्सुलिनवर असलेली आई. तुमची नोकरी पक्की, मिसेसची कंत्राटी. हाताशी साधारण ३ लाख रुपये. युद्ध, भूकंप, जगबुडी असलं काही तुमच्या डोक्यात नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं पाणी, वीज, नोकऱ्या, दवाखाने, सगळंच थोडं थोडं बिघडत जाईल असं तुम्हाला वाटतं. म्हणून मुरबाडकडे जागा घ्यावी का, सहा महिन्यांचं धान्य भरावं का, सोलर लावावं का, सोनं घ्यावं का आणि बंदुकीचा परवाना काढावा का, असे पाच प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी ठाण्यात सोसायट्यांचे पंप, टाक्या, जनरेटर आणि कॉमन वायरिंगची देखभाल करतो. सुरुवात वागळे इस्टेटमधल्या मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमधून झाली. वर्कशॉप बंद पडलं, काम चालू राहिलं. तेव्हा पंपरूममधून जसं दिसतं तसं सांगतो, देश कुठे चाललाय ते मला विचारू नका.

तुमची भीती एका गोष्टीची आहे आणि खरेदीची यादी दुसऱ्याच गोष्टीची. जमीन, धान्य, बंदूक ही सगळी तयारी ‘सगळं बंद’ होण्याची. सगळं बंद पडलं तर साठा लागतो, आठ-दहा दिवस तग धरावा लागतो आणि मग कुठून ना कुठून मदत येते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही हेच झालं. पण तुम्ही म्हणता ते ‘अर्धं’ होणं आहे. पाणी येतं, पण एक दिवसाआड. लाइट असते, पण दुपारचे तीन तास नसते. पगार होतो, पण उशिरा. यात साठा संपतो आणि अडचण तशीच राहते. म्हणून प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावा: ही आजच्या निम्म्यावर आली आणि दोन वर्षं तशीच राहिली तर माझं घर कुठे अडेल?

उत्तर प्रत्येक घराचं वेगळं येतं. भाड्याने राहणाऱ्याला फक्त सामान उचलायचं असतं, तुम्हाला हप्ता आहे. चौथ्या मजल्यावरचा माणूस लिफ्टविना जगतो, तुमची आई एकोणिसाव्यावर अडकेल. गावाकडे वहिवाटीचं घर असेल तर हिशोब बदलतो. आणि तुमच्या बिल्डिंगला पाणी कुठून येतं यावर तर फारच अवलंबून आहे. ठाण्यात एकाच धरणाचं पाणी सगळीकडे येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा कंपनी), एमआयडीसी आणि थोडं मुंबई महापालिकेकडून, अशा चार वाटांनी ते येतं. कळवा-मुंब्रा-दिव्याला बरंचसं एमआयडीसीचं पाणी, म्हणजे बारवी धरणाचं. खाडीपलीकडे नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे वाशी-नेरुळकरांना टंचाई वेगळ्या वेळी आणि वेगळ्या कारणाने जाणवते. तुम्ही कोणत्या वाटेवर आहात ते सोसायटीच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या.

आता माझ्या कामातलं एक निरीक्षण सांगतो. माझी बाकीची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत. प्रत्येक पंपरूममध्ये दोन पंप असतात, एक चालू आणि एक स्टँडबाय. पॅनेलवर सिलेक्टर स्विच असतो. दर आठवड्याला आलटून पालटून दोन्ही चालवायचे असा नियम. मग एक दिवस एक मोटर जळते. रिवाइंडिंगचं कोटेशन जातं. कमिटी म्हणते, पाणी तर येतंय, पुढच्या मीटिंगला बघू. दोन मीटिंगा जातात. दरम्यान चालू पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व बिघडतो, तेव्हा बंद पंपाचा काढून तिकडे बसवतात. मग त्याचं कपलिंग जातं, मग स्टार्टरमधला रिले. वर्षभराने तिथे पंपाच्या जागी गंजलेला सांगाडा उरतो, त्यावर वॉचमनची छत्री अडकवलेली. या सगळ्या काळात एकाही फ्लॅटमध्ये कुणाला काही जाणवत नाही, कारण नळाला पाणी आहे. मे महिन्यातल्या एखाद्या रात्री चालू पंपाचं सील जातं, तेव्हा लोक म्हणतात, अचानक सगळं बंद पडलं.

ढासळणं असंच असतं. आधी स्टँडबाय जातो आणि तो गेलेला कुणाला दिसत नाही. हॉस्पिटलात जादा नर्स नसते, बसडेपोत जादा बस नसते, ट्रान्सफॉर्मर उडाला तर बदली ट्रान्सफॉर्मर लगेच मिळत नाही. रोजचं काम चालू असतं, फक्त धक्का सोसायची ताकद संपलेली असते. शहराचे स्टँडबाय तुमच्या हातात नाहीत. पण तुमच्या घरातले आणि काही अंशी बिल्डिंगमधले आहेत. तयारी म्हणजे ते शोधून परत उभे करणं.

दुसरी गोष्ट: अर्ध्या सेवेत पैशाआधी वेळ जातो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच्या आधीच्या महिन्यात पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावली होती. शहर ओस पडलं नव्हतं, पण घरातल्या कुणाचा ना कुणाचा दिवस पाण्यामागे जात होता. श्रीलंकेत परकीय चलन आटलं तेव्हा मार्च २०२२ च्या अखेरीस वीजकपात दिवसाला १३ तासांवर गेली, पेट्रोलसाठी रांगा लागल्या आणि पुढे क्यूआर कोडवर ठरावीक इंधन मिळू लागलं. जे मिळत होतं ते रांगेत उभं राहून. तुमच्या घरी दोघंही सकाळी आठला बाहेर पडता. पाणी दुपारी दोनला आलं तर नळ कोण सोडणार? आई? म्हणजे घरात असं काहीतरी हवं की पाणी आलं की आपोआप भरलं जाईल आणि भरलं की थांबेल. लॉफ्टवर टाकी आणि तिला साधा बॉलकॉक. पूर्वी प्रत्येक घरात होती, नव्या टॉवरमध्ये ती शोभेसाठी काढून टाकली.

पाण्यावर जरा थांबतो, कारण पहिला घाव तिथेच बसतो.

शहरी पुरवठ्याचा हिशोब माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. चौघांचे झाले ५४०. केपटाऊनमध्ये २०१८ साली टंचाईत माणशी ५० लिटरची मर्यादा घातली होती, आणि तेवढ्यात माणसं अंघोळीसकट जगली. म्हणजे तुम्हाला २०० लिटर रोज. यातलं पिण्या-स्वयंपाकाचं माणशी पाच लिटर धरलं तर २० लिटर, म्हणजे एक कॅन. पिण्याचं पाणी आठवडाभराचं ठेवा, सात कॅन. वापरायचं दोन दिवसांचं पुरे, तेवढ्यात टँकर तरी येतो. सात कॅन एकदम विकत आणायची गरज नाही, रिकामे स्वच्छ कॅन ठेवा आणि मार्चपासून भरलेले ठेवत जा.

हे सगळं ठेवायचं कुठे, यात लोक धोका पत्करतात. एक लिटर म्हणजे एक किलो. २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो, तोही दोन फुटांच्या जागेत. बाल्कनी भिंतीतून बाहेर काढलेली असते, तिच्या टोकाला दोन ड्रम ठेवणं मला अजिबात मान्य नाही. खालून बीम जाते अशा भिंतीलगत, बाथरूमच्या आत, एकच ड्रम. लॉफ्टची टाकीही ३०० लिटरच्या वर नको, आणि बिल्डिंग जुनी असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. साठवलेलं पाणी झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासा. नुसतं ओतून चालत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली राहतात. टंचाईच्या मागोमाग डेंग्यू येतो तो आपल्याच पिंपातून.

टँकरचं पाणी हा वेगळा विषय आहे. तुमच्या पट्ट्यात टँकर नवा नाही. रात्री अकराला येतो, पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडतो, वॉचमन वहीत सही करतो आणि ते पाणी सगळ्या बिल्डिंगच्या पाण्यात मिसळून जातं. ते बोअरचं आहे की खाडीजवळच्या विहिरीचं, कुणी विचारत नाही. मी माझ्या सोसायट्यांमध्ये ओटी टेस्टची (पाण्यातलं क्लोरीन तपासायची) बाटली ठेवायला लावतो. नळीत पाणी घ्यायचं, दोन-चार थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर ते पाणी टाकीत जाण्याआधी क्लोरीन टाकायला हवं. एवढ्या साध्या टेस्टने टँकरवाल्याचं बोलणंही बदलतं. घरात मात्र तुमचा आरओ विजेवर चालतो आणि बरंच पाणी वाया घालवतो, दोन्ही गोष्टी टंचाईत परवडत नाहीत. वीज न लागणारा गुरुत्वाकर्षणाचा फिल्टर घ्या, क्लोरीनचे थेंब ठेवा (प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, अंदाजाने टाकू नका), आणि गॅस असेल तोवर उकळणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. हे आवर्जून सांगतो, कारण बऱ्याच घरांत तुरटी फिरवली की झालं अशी समजूत आहे.

एकोणिसाव्या मजल्यावर पाणी आणि वीज या दोन अडचणी नसतात, एकच असते. पाणी जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर जातं ते मोटरने, आणि वरच्या मजल्यांना दाब मिळावा म्हणून बऱ्याच टॉवरमध्ये आणखी एक बूस्टर पंप असतो. वीज गेली की गच्चीतल्या टाकीत असेल तेवढंच पाणी. म्हणून सोसायटीत हे विचारा: जनरेटरवर नुसती लिफ्ट आणि जिन्याचे दिवे आहेत की पंपही? अनेक ठिकाणी पंप नसतो, कारण मोटर सुरू होताना जास्त करंट घेते आणि बिल्डरने जनरेटर लहान बसवलेला असतो. सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावून किंवा लिफ्ट बंद ठेवून अर्धा तास पंप चालवायची सोय करता येते. काम मोठं नाही, पण आधी करून ठेवायला लागतं. जनरेटर महिन्यातून एकदा लोडवर चालवून बघायचा. नुसता घुर्रघुर्र करून बंद करण्याला टेस्ट म्हणत नाहीत.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या लाइनवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. काही तासांत बऱ्याच भागांत परत आली, पण तेवढ्या वेळात लिफ्टमध्ये माणसं अडकलीच. लिफ्टला एआरडी नावाचं उपकरण असतं, वीज गेली की ते बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतं. त्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं बदललेल्या नसतात. तुमच्या आईला लिफ्ट वापरायची असेल तर कमिटीला आधी त्या बॅटरीचं वय विचारा.

घरासाठी सोलर विचारलंत. टॉवरमध्ये गच्ची सोसायटीची, त्यामुळे एकट्यासाठी ते जमत नाही. आणि एक गैरसमज दूर करतो: बॅटरीशिवायचं, ग्रिडला जोडलेलं सोलर वीज गेली की स्वतःही बंद होतं. तसं मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा करंट बसेल. बिल कमी करायला ते उत्तम, अंधारात उपयोगाचं नाही. तुम्हाला इन्व्हर्टर पुरेसा आहे. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॉट-अवर देते, प्रत्यक्षात हाती १,२०० च्या आसपास लागतात. दोन साधे पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून दोनशे वॉटच्या जवळ जातात, म्हणजे सहा तास. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले तर सगळं मिळून ११० वॉटच्या आत, म्हणजे बॅटरी नवी असताना दहा-अकरा तास. दुसऱ्या बॅटरीपेक्षा आधी पंखे बदला. ठाण्यात २०१२ च्या आधीचं लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. पण तेव्हा बहुतेक जण चौथ्या मजल्याच्या आत राहत होते आणि खिडकीतून वारा येत होता.

आईच्या इन्सुलिनबद्दल डॉक्टरांशी बोलाच. माझ्या बाजूने एवढं सांगतो: बंद व्हायल फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत लागते, फोडलेली साधारण महिनाभर बाहेरही चालते, पण खोली ३० अंशांच्या खाली असेल तर, आणि आपल्याकडे मे महिन्यात ती नसते. वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडलं नाही तर तीन-चार तास गारवा टिकतो. ओल्या मडक्यात ठेवायची युक्ती विदर्भात छान चालते, आपल्या दमट हवेत तेवढी नाही. त्यामुळे इन्व्हर्टरवर फ्रिजचा पॉइंट घेण्याची सोय करा, फक्त लागेल तेव्हा चालू करायला. आणि औषधांचा एक महिन्याचा जादा साठा, जुनं आधी वापरायचं, नवं मागे. सुया आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या लोक विसरतात. याच यादीत दाताची राहिलेली कामं, चष्म्याची दुसरी जोडी, मुलीची उरलेली इंजेक्शनं. दवाखाने नीट चालू आहेत तोवर ही कामं उरकणं सगळ्यात स्वस्त पडतं.

धान्याचं उत्तर थोडक्यात. सहा महिन्यांचं भरू नका, ठाण्याच्या पावसाळ्यात टोके होतात आणि पोती फेकावी लागतात. आपल्या आज्या एप्रिल-मेमध्ये वर्षाचं भरायच्या ते कडक उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, कोठीत. तुमच्याकडे ना अंगण, ना कोठी. नेहमीपेक्षा एक महिन्याचं जास्त, आणि जे रोज खाता तेच. फक्त गव्हावर भिस्त नको, कारण गिरणीला वीज लागते. तांदूळ, पोहे, रवा, मूगडाळ जास्त ठेवा. मे २०२० मध्ये वाशीची एपीएमसी, म्हणजे घाऊक बाजार, काही दिवस बंद होती, तेव्हा भाजीची ओढाताण झाली पण डाळ-भातावर घरं चालली. चुलीचंही तसंच: पाइपचा गॅस गेला तर इंडक्शन, वीज गेली तर गॅस. दोन्ही घरात असणं हाच स्टँडबाय.

आता पैसे. इथे मी जाणकार नाही, पण गिऱ्हाइकांची घरं आतून बघितली आहेत. ढासळण्यात घरं उपाशी राहून मोडत नाहीत, हप्त्यावर मोडतात. आपल्या भागाने हे एकदा पाहिलेलं आहे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या कापडगिरण्या बंद पडत गेल्या, मग हळूहळू वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्या. एका दिवसात काही झालं नाही. आधी ओव्हरटाइम गेला, मग बोनस, मग पगार तुकड्यांत, मग गेटवर कुलूप. त्या काळात ज्या घरात दुसरं कुणी थोडंफार कमवत होतं, मग ते पोळी-भाजीचे डबे असोत की शिकवण्या, ती घरं तरली. आमच्या वर्कशॉपमधल्या ज्यांच्याकडे वायरमनचं लायसन्स होतं त्यांना काम मिळत राहिलं. जे फक्त एकाच मशीनवर वीस वर्षं उभे होते त्यांना वॉचमनची नोकरी धरावी लागली. त्यामुळे तुमच्या घरचा सगळ्यात मोठा स्टँडबाय म्हणजे मिसेसची कंत्राटी नोकरी. तिला जमेल तेवढं बळ द्या, कोर्स असेल, स्वतःची दोन गिऱ्हाइकं असतील. तुम्हीही असं काहीतरी शिकून ठेवा ज्याचे पैसे शेजारचा माणूस रोख देईल.

३ लाखांपैकी २ लाखांना हात लावू नका, ते हप्त्यासाठी. दोन वेगळ्या बँकांत ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. ज्यांचं सगळं तिथेच होतं त्यांची काय अवस्था झाली ते पेपरात आलंच होतं. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींचा विमा ५ लाखांचा आहे, पण तो एका बँकेतली तुमची सगळी खाती मिळून. आणि विमा असला तरी पैसे हातात यायला वेळ लागतो, हप्ता थांबत नाही. घरात दोन-तीन आठवड्यांच्या खर्चाएवढी रोकड, शंभर-दोनशेच्या नोटांत. नेटवर्क गेलं की यूपीआयही गेलं आणि भाजीवाल्याकडे पाचशेचे सुट्टे नसतात. सोन्याला माझी हरकत नाही, पण आईकडे आहे ते पुरे. हप्ता असताना नवं सोनं घेण्यापेक्षा कर्जाची मुद्दल कमी करा. अर्ध्या पगारात जगता येईल एवढा हप्ता खाली आणणं, याच्या तोडीची दुसरी तयारी मला माहीत नाही.

मुरबाडची जमीन घेऊ नका. तुमच्या नावावर शेती नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन सरळ घेता येत नाही, आदिवासींची जमीन तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय नाहीच. एनए (बिगरशेती) प्लॉटच्या नावाखाली काय काय विकलं जातं ते वेगळंच. कागद चोख निघाले तरी पाण्याचं काय? शेजारच्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा, मोडक सागर आहेत, मुंबई-ठाण्याची तहान भागते ती तिथून, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. जिथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना पाणी नाही, तिथे शनिवार-रविवारच्या माणसाला कोण देणार? रस्त्याचंही बघा. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. ज्या दिवशी तुम्हाला निघायचं असेल त्या दिवशी वाट मोकळी असेलच असं नाही. तुमच्या मूळ गावी काका-चुलत्यांचं घर असेल तर मात्र गोष्ट निराळी. दरवर्षी जा, घरपट्टीतला वाटा द्या, कौलं फेरायला पैसे पाठवा. जिथे लोक तुम्हाला नावाने ओळखतात ती जागा विकत मिळत नाही.

बंदुकीबद्दल एवढंच की घरात सहा वर्षांचं मूल आहे. परिस्थिती उतरते तेव्हा चोऱ्या होतात त्या मोटरच्या, तांब्याच्या केबलच्या, मीटरच्या, गटाराच्या झाकणांच्या. त्यावर उपाय मीटररूमला चांगलं कुलूप, पार्किंगमध्ये दिवे आणि वेळेवर पगार मिळणारा वॉचमन.

यावरून सोसायटीवर येतो. टॉवरमध्ये एकट्याची तयारी दाराच्या उंबऱ्यापर्यंतच चालते. लिफ्ट, पंप, टाकी, प्लंबिंग, सगळं सामाईक. शंभरातल्या वीस घरांनी मेंटेनन्स थकवला की आधी लिफ्टचा एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) जातो, मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग पुढे ढकललं जातं, मग सळया गंजतात. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवायचा निधी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती फंड ०.७५ टक्के घ्यायचा असतो. तुमच्याकडे घेतात का, आणि तो एफडीत आहे की टँकरच्या बिलात संपला, हे ताळेबंदात दिसतं. वार्षिक सभेला दहा माणसं असतात, त्यातली आठ पार्किंगवर भांडतात. तुम्ही अकरावे व्हा आणि पंपाचं विचारा. शक्य असेल तर कमिटीतच जा. कंटाळवाणं काम आहे, शिव्या खाव्या लागतात, पण तुमच्या पाचही प्रश्नांपेक्षा जास्त फरक त्याने पडेल. मजल्यावरच्या चार घरांची ओळखही याच कामातून होते. कोणाकडे डॉक्टर आहे, कोणाचं म्हातारं माणूस एकटं असतं, कोणाकडे किल्ली ठेवता येईल, हे ऐन वेळी विचारत फिरता येत नाही.

उरलेल्या १ लाखाचं मी असं करेन: आधी पाणी (लॉफ्टची टाकी, कॅन, फिल्टर), मग आईची औषधं आणि राहिलेले दवाखाने, मग पंखे आणि इन्व्हर्टर. यात ६०-७० हजारांच्या वर जायला नको. बाकीचे कर्जात भरा. इन्व्हर्टर घेण्याआधी फ्लॅटमधलं वायरिंग एकदा तपासून घ्या, नव्या बिल्डिंगांत न्यूट्रल एकत्र करून ठेवलेले असतात आणि इन्व्हर्टर जोडला की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखा उडतो.

तीन गोष्टी कळवल्यात तर नेमकं सांगता येईल: बिल्डिंगला पाणी कुठलं आहे आणि महिन्याला किती टँकर लागतात, जनरेटरच्या पाटीवर किती केव्हीए लिहिलंय, आणि पंपाच्या मोटरच्या पाटीवर किती एचपी. दोन्ही पाट्यांचे फोटो काढलेत तरी चालेल. मग जनरेटर पंप उचलेल की नाही ते मी सांगतो, आणि कमिटीपुढे काय मागणी करायची तेही.